घरपट्टीची पावती आणि शाळेचा नळ

महाराष्ट्रातल्या खेड्यात घरपट्टी बसते ती १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम १२४ खाली आणि १९६० च्या कर व फी नियमांनुसार. पूर्वी घराचे क्षेत्रफळ आणि बांधणीचा प्रकार पाहून चौरस फुटाला दर लावत. या पद्धतीला उच्च न्यायालयात आव्हान मिळाले आणि डिसेंबर २०१५ मध्ये नियम बदलून आकारणी भांडवली मूल्यावर आली. आता जागेचे मूल्य रेडी रेकनरच्या दराने काढतात. त्यात घराचे वय पाहून, घसारा धरून काढलेले बांधकामाचे मूल्य मिळवतात आणि बेरजेला वापराचा भारांक लावतात. राहत्या घरापेक्षा दुकानाचा भारांक जास्त असतो. जे मूल्य येईल त्याच्या दर हजारी किती कर घ्यायचा, हे नियमांनी दिलेल्या किमान-कमाल मर्यादेत ग्रामपंचायत ठरवते. उदाहरणादाखल, मूल्य पाच लाख आणि दर हजारी एक रुपया धरला, तर वर्षाची घरपट्टी ५०० रुपये होते. त्यात दिवाबत्ती कर, आरोग्य कर आणि नळ असेल तर पाणीपट्टी मिळवली की बिल पुरे होते.

हे सूत्र कागदावर सरळ वाटते, पण त्यात घालायचे आकडे टेप धरून मिळवावे लागतात. आकारणी दर चार वर्षांनी नव्याने करायची असते. ग्रामपंचायत अधिकारी (२०२४ पर्यंतचा ग्रामसेवक) आणि शिपाई गल्लोगल्ली फिरून भिंती मोजतात. मोजणीच्या दिवशी मागच्या बाजूला वाढवलेली खोली हमखास ‘गोठा’ होते. गोठ्याला टाइल्स कशाला, असे शिपाई विचारत नाही, कारण उद्या सकाळी त्याला याच गल्लीत पाणी सोडायला यायचे असते. मोजमापे नमुना ८ च्या आकारणी नोंदवहीत चढतात, यादी लागते, हरकती येतात, आणि त्यांचा निकाल लागला की आकारणी कायम होते. नमुना ८ चा उतारा हा मालकीचा पुरावा नव्हे. तरीही वीजजोडणीपासून घरकुलापर्यंत सगळीकडे तोच मागतात. म्हणूनच कर चुकवायला खोली लपवणारे घरही नोंदवहीतून स्वतः गायब व्हायला तयार नसते.

एप्रिल उजाडला की नमुना ९, म्हणजे मागणी नोंदवही, नव्याने भरली जाते. तिच्यात एका बाजूला मागील थकबाकी आणि एका बाजूला चालू मागणी असते. बिल घरोघर वाटले जाते. सप्टेंबरअखेर वर्षाची रक्कम भरणाऱ्याला पाच टक्के सूट मिळते, वर्ष उलटले की पाच टक्के दंड लागतो. पाचशेवर पाच टक्के म्हणजे पंचवीस रुपये. तेवढ्यासाठी पेरणीच्या दिवसांत कोणी ग्रामपंचायतीची पायरी चढत नाही. खरी वसुली सोयाबीन, कापूस किंवा उसाचा पैसा हातात आल्यावर सुरू होते आणि मार्चएंडला शिगेला पोहोचते. मग घंटागाडीच्या भोंग्यावर दवंडी फिरते, थकबाकीदारांची यादी फलकावर लागते आणि शिपाई पावतीपुस्तक घेऊन दारोदार जातो. भरलेल्या रकमेची पावती नमुना १० मध्ये फाडली जाते. त्याच दिवशी ती रक्कम रोकडवहीत यावी आणि बँकेत भरली जावी, असा दंडक आहे.

न भरणाऱ्यासाठी कलम १२९ आहे. बिल दिल्यावर पंधरा दिवस, मग मागणीचा लेख, त्यानंतर तीस दिवस आणि शेवटी जंगम मालमत्तेची जप्ती, असा तो क्रम. जप्तीपर्यंत क्वचितच मजल जाते. चुलत्याची मोटारसायकल ओढून आणण्याच्या ठरावावर कोणता सदस्य सही करील? त्यापेक्षा लोकअदालतीची नोटीस बरी, कारण तिच्यावर न्यायालयाचे नाव असते. सगळ्यात गुणकारी मात्र कलम १४. बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्यपदाला अपात्र ठरतो. त्यामुळे निवडणूक लागली की वर्षानुवर्षांची थकबाकी आठवडाभरात जमा होते. उमेदवार आपली भरतोच, भाऊबंदांचीही भरतो. ही वसुली हिशेबात चोख दिसते, पण कराची सवय गावाला तिच्याने लागत नाही.

जमा झालेला पैसा ग्रामनिधीत जातो, आणि तिथे त्याच्या वाटण्या बऱ्याचशा आधीच झालेल्या असतात. मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के, दिव्यांगांसाठी ५ टक्के राखून ठेवायचे. कर्मचाऱ्यांच्या पगारावर उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांपर्यंत खर्च करता येतो. ढोबळमानाने शंभरातले पासष्ट असे बांधलेले असतात. उरलेल्या पस्तिसांत पथदिव्यांचे बिल, मोटारीची दुरुस्ती, ब्लिचिंग पावडर, गटारसफाई आणि शाळा.

शाळा जिल्हा परिषदेची असते, ग्रामपंचायतीची नव्हे. १९६१ च्या अधिनियमानुसार १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. शिक्षकांचा पगार राज्याच्या अनुदानातून ‘शालार्थ’ या ऑनलाइन प्रणालीमार्फत होतो. समग्र शिक्षा योजनेचा खर्च केंद्र आणि राज्य ६०:४० असा उचलतात. या योजनेतून संयुक्त शाळा अनुदान मिळते, पटावर मोजून. तीस मुलांपर्यंतच्या शाळेला वर्षाला १० हजार, शंभरपर्यंत २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार रुपये. त्यातला किमान दहावा भाग स्वच्छतेवर लावायचा. अठ्ठावीस पटाच्या वाडीवरच्या शाळेला म्हणजे महिन्याला आठशे तेहतीस रुपये पडतात. खडू-फळा, नोंदवह्या, फुटलेली काच, पंख्याची दुरुस्ती, विजेचे बिल हे सगळे एवढ्यात बसत नाही.

तिथे घरपट्टी पोहोचते. शाळेच्या नळाला पाणी ग्रामपंचायतीच्या टाकीतून येते. अनेक गावांत विजेचे बिलही ग्रामपंचायतच भरते. शौचालयाची टाकी उपसणे, आवारातला मुरूम, फाटकाची कडी ही कामे सरपंचाच्या एका होकारावर होतात. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसाही आहे, पण २०२१ पासून त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला आणि उरलेल्यातून पगार देता येत नाहीत. स्वतःच्या वसुलीतला रुपया मात्र उद्याच्या कामाला आजच्या ठरावाने वापरता येतो. पगाराचा मोठा पैसा वरून येतो आणि वसुली बुडाली म्हणून थांबत नाही. थांबतो तो नळ.

शहरात चित्र उलटे आहे. महापालिकेच्या मालमत्ताकराच्या बिलावर ‘शिक्षण कर’ असा ठळक रकाना असतो. तो १९६२ च्या कायद्याने बसवलेला राज्याचा कर आहे. पालिका तो फक्त गोळा करून राज्याच्या तिजोरीत भरते. गावच्या बिलावर शिक्षणाचा शब्दही नसतो.

शाळेच्या बाजूने खर्चाचा निर्णय शाळा व्यवस्थापन समिती घेते. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात ७५ टक्के पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला लागतात. अनुदान बहुधा वर्ष सरत आल्यावर पडते आणि ३१ मार्चच्या आत खर्ची टाकावे लागते. तोवर मुख्याध्यापक उधारीवर निभावतो. गावातल्या हार्डवेअरवाल्याकडे जीएसटीचे पक्के बिल नसते, म्हणून दहा रुपयांच्या वॉशरसाठीही तालुक्याला जावे लागते. ग्रामपंचायतीचा प्लंबर तोच वॉशर नळ तपासायला आल्यावर खिशातून काढून बसवतो आणि त्याचा खर्च पाणीपुरवठा दुरुस्तीच्या शीर्षाखाली लागतो. लेखापरीक्षकाला कागदांवर शाळा दिसत नाही. प्रमाणक दाखवले आणि रोकडवहीशी रक्कम जुळली की तो पुढच्या पानावर जातो.