उज्जयिनीचा हत्ती आणि घरचा संगणक

उज्जयिनीच्या चंडमहासेनाने वत्सराज उदयनाला पकडले ते रणांगणावर नव्हे. उदयनाला वन्य हत्तींचा विलक्षण नाद. वीणेच्या सुरांनी हत्ती वश करण्यात त्याचा हातखंडा. हे हेरून चंडमहासेनाने एक यंत्रमय हत्ती करविला, त्याच्या पोटात निवडक योद्धे बसविले आणि तो विंध्याच्या अरण्यात नेऊन सोडला. राजा वीणा घेऊन मोठ्या आवडीने पुढे झाला आणि अलगद शत्रूच्या हाती सापडला. कथासरित्सागरातील ही कथा आम्हा माळव्यातील मंडळींना ग्रीकांच्या लाकडी घोड्याहून अधिक जवळची वाटावी. मर्म मात्र दोहोंचे एकच: शत्रू तट फोडून आला नाही, तो आपल्याच आवडीच्या रूपाने आला.

संगणकाच्या जगात या कपटाला ‘ट्रोजन’ म्हणतात, ते ट्रॉयच्या घोड्यावरून. अमेरिकन वायुदलासाठी १९७२ साली तयार झालेल्या एका सुरक्षा-अहवालात हे नाव आढळते. व्हायरस आणि ट्रोजन हे शब्द आपण सरसकट एकाच अर्थी वापरतो. पण व्हायरस दुसऱ्या फाइलींना चिकटून स्वतःच पसरतो, तर ट्रोजनला आत येण्यासाठी आपला हात लागतो. उपयुक्त वस्तूचे सोंग घेऊन तो दाराशी उभा राहतो आणि दार आपण उघडतो.

या जातीचे एक गाजलेले प्रकरण १९८९ सालचे आहे. जोसेफ पॉप नामक जीवशास्त्रज्ञाने एड्सविषयी माहिती देणाऱ्या सुमारे २०,००० फ्लॉपी अनेक देशांतील लोकांना टपालाने धाडल्या. तबकडी घालावी, प्रश्नांची उत्तरे द्यावीत, रोगाचा आपल्याला कितपत धोका आहे ते पाहावे, असा तो सरळ मामला दिसे. पुढे संगणक नव्वदएक वेळा सुरू झाला की फाइलींची नावे उलटीपालटी होत आणि पडद्यावर मागणी उमटे: पनामातील एका टपालपेटीच्या पत्त्यावर १८९ डॉलर पाठवा. खंडणीची ही रीत आजही चालू आहे. टपालपेटी तेवढी गेली.

आपल्या घरांत हा हत्ती कोणत्या रूपाने येतो? मराठी मुलखापासून दूर राहिल्याने मराठी पुस्तक, नाटक, नाट्यगीत फुकट मिळते म्हटले की आपला हात थांबत नाही. मराठी टंकलेखनाचा ‘मोफत’ फाँट, विकतच्या प्रणालीची कुलूप तोडलेली प्रत, किंवा ओळखीच्या नावाने आलेली लग्नपत्रिका. पत्रिकेच्या नावात ‘पीडीएफ’ दिसते, पण नावाच्या अगदी शेवटी ‘ईएक्सई’ असेल तर ती पत्रिका नसून चालू होणारा प्रोग्राम आहे. विंडोज हे शेपूट मुळात लपवून ठेवते. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ यादीत जाऊन ते दिसेल असे करून घ्यावे. मोबाईलवर अशीच पत्रिका ‘एपीके’ होऊन येते. आणि फाँटचे म्हणाल, तर विंडोजमध्ये मराठी कळफलक व देवनागरी लिपी मुळातच आहेत. त्यासाठी कोणाच्या दारी जाण्याचे कारण नाही. कुलूप तोडलेल्या प्रतीच्या काटकसरीला तर आम्ही काटकसर मानतच नाही.

शिरकाव झाला हे ओळखावे कसे? अँटीव्हायरस आपोआप बंद पडलेला दिसतो, ब्राउझरचे पहिले पान बदलते, न पाठविलेले निरोप आपल्या नावाने परिचितांना जातात. केवळ संगणक मंदावला म्हणून घाबरू नये. डिस्क भरली वा जुनी झाली तरी तो मंदावतो. उलट, खरे घातकी ट्रोजन मुळीच गाजावाजा करीत नाहीत. २००७ च्या सुमारास पुढे आलेला ‘झ्यूस’ गुपचूप बसून लोकांच्या बँकेचे पासवर्ड टिपून घेई. पडद्यावर भोंगा वाजवून ‘तुमचा संगणक दूषित झाला आहे, या क्रमांकावर फोन करा’ असे ओरडणारी खिडकी मात्र बहुधा स्वतःच ठकाची असते. तो फोन करू नये.

संशय बळावला की प्रथम इंटरनेट तोडावे. तार काढावी, वायफाय बंद करावे. यामुळे आतल्या चोराचा बाहेरच्या धन्याशी संबंध तुटतो. मग दुसऱ्या, निर्दोष यंत्रावरून ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदलावा. हे दूषित संगणकावरच बसून केले तर नवी किल्लीही चोराच्याच हाती जाते. पैसे गेले असतील तर बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावे. घरातील वडील माणसे लाजेपोटी दोन दिवस गप्प राहतात आणि तेवढ्यात निवृत्तिवेतनाची रक्कम चार खात्यांतून फिरून नाहीशी होते. लाजेचे येथे काही काम नाही.

त्यानंतर सफाई. विंडोज सिक्युरिटीमध्ये पूर्ण स्कॅन करावा आणि पाठोपाठ ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन’ हा पर्याय निवडावा. यात संगणक पुन्हा सुरू होतो आणि विंडोज जागे होण्यापूर्वीच तपासणी होते. याचे महत्त्व असे की, चालू स्थितीतील ट्रोजन पहारेकऱ्याचेच तोंड बांधू शकतो. तो निजलेला असतानाच झडती घेणे बरे. मग टास्क मॅनेजरमधील ‘स्टार्टअप’ची यादी, बसविलेल्या प्रोग्रामांची यादी आणि ब्राउझरची एक्सटेन्शने पाहावीत, अनोळखी नावाची चौकशी करून मगच ते काढावे. दुसरे मत हवे असल्यास केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ची २०१७ पासून उपलब्ध असलेली मोफत साधने आहेत. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला, हेही अशा घरांनी ध्यानात घ्यावे.

एवढे करूनही लक्षणे परतली तर हट्ट सोडावा आणि विंडोज पुसून नव्याने बसवावी. तत्पूर्वी पत्रे, छायाचित्रे, मंडळाची सभासद-यादी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावी. जुने प्रोग्राम मात्र उतरवू नयेत, नाहीतर हत्ती पुन्हा आपणच ओढून आत आणू. ती डिस्क नव्या विंडोजला जोडल्यावर आधी तिचा स्कॅन करावा, मग छायाचित्रे उघडावीत. आणि सगळे आत आले की ती काढून कपाटात ठेवावी. सतत जोडलेली डिस्क खंडणीखोराच्या तावडीतून सुटत नाही.