शब्दकोड्याआधी कान तपासा

आमच्या शेजारचे काका रोज सकाळी चहाबरोबर शब्दकोडं सोडवतात. डोकं चालतं ठेवलं की स्मृतिभ्रंश जवळ फिरकत नाही, असं त्यांचं ठाम मत. त्यांच्या टीव्हीचा आवाज मात्र खालच्या जिन्यापर्यंत येतो आणि कानाचं मशीन देवघराच्या फळीवर डबीत पडून असतं. ‘शिट्टी वाजते हो त्याची!’

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण आटोक्यात आणता येण्याजोग्या १४ गोष्टींची यादी दिली. त्या सगळ्या दूर झाल्या, तर जगभरातले सुमारे ४५ टक्के रुग्ण टळतील किंवा आजार लांबणीवर पडेल, असा अंदाज. यात सर्वाधिक वाटा दोघांचा, प्रत्येकी ७ टक्के: वाढलेलं एलडीएल कोलेस्टेरॉल आणि कमी ऐकू येणं. शब्दकोडं या यादीत नाही.

हे ४५ टक्के अख्ख्या लोकसंख्येचे, तुमचे-माझे नव्हेत. वय आणि जनुकं कोणाला चुकली आहेत?

शिवाय एक गोम आहे. ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘व्हाइटहॉल २’ पाहणीत दहा हजारांवर माणसांच्या नोंदी पाव शतकाहून अधिक काळ ठेवल्या गेल्या. त्यांतून २०१७ मध्ये दिसलं ते असं, की निदानाच्या सुमारे नऊ वर्षं आधीपासूनच रुग्णांची हालचाल मंदावू लागली होती. म्हणजे फिरणं सुटलं म्हणून आजार जडला, की आजार आत शिरला म्हणून फिरणं सुटलं? नुसत्या पाहणीतून याचा उलगडा होत नाही. त्यासाठी प्रयोगच करावा लागतो.

असे प्रयोग थोडे आहेत, आणि त्यांचे निकाल संमिश्र. अमेरिकेत वरचं बीपी १४०ऐवजी १२०च्या खाली ठेवलेल्या गटात सौम्य बौद्धिक ऱ्हास १९ टक्क्यांनी कमी आढळला. खुद्द स्मृतिभ्रंशातली घट मात्र पक्की म्हणण्याइतकी नव्हती. तिथेच ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर श्रवणयंत्रांचा प्रयोग झाला. तीन वर्षांनी एकूण गटात फरक दिसला नाही. मुळातच जास्त धोका असलेल्यांमध्ये मात्र बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. एवढ्यावर मी तरी बीपीच्या गोळीला आणि कानाच्या मशीनला कोड्याच्या आधीचा नंबर देईन.

काकांनी कोडं खुशाल सोडवावं. पण शिट्टी वाजते ती बहुधा मशीन कानात नीट बसत नाही किंवा कानात मळ साचला आहे म्हणून. ऑडिओलॉजिस्टकडे एक फेरी मारा, तेवढ्यानेही ती थांबू शकते.