बाळंतिणीचा न उतरणारा ताप

सिझेरियन झालेल्या बाईला तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप आला, तर बहुधा गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला जंतुसंसर्ग झालेला असतो. सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू केली की दोन-तीन दिवसांत ताप उतरतो आणि बाळंतीण घरी जाते. थोड्या बायकांच्या बाबतीत मात्र असं होत नाही. टाके कोरडे असतात, पोट मऊ असतं, लघवीच्या तपासणीत काही सापडत नाही. बाई जेवते, बाळाला पाजते, दिवसभर बरी दिसते. आणि मग पुन्हा हुडहुडी भरून ताप एकशे दोन-तीनवर जातो. अशा वेळी अँटिबायोटिक बदलली जाते, दोन दिवसांनी आणखी एकदा बदलली जाते. माझं म्हणणं असं की, योग्य अँटिबायोटिक पुरेशा प्रमाणात देऊनही तीन ते पाच दिवसांत ताप हटत नसेल, तर औषध बदलण्याबरोबर प्रश्नही बदलायला हवा. ओटीपोटातल्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होऊन तिच्यात जंतू वाढले आहेत का, हे त्या टप्प्यावर मुद्दाम तपासलं पाहिजे. वैद्यकात या आजाराला सेप्टिक पेल्व्हिक थ्रॉम्बोफ्लेबायटिस म्हणतात.

रक्त शिरेत का गोठतं, याची तीन कारणं जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्खो यांच्या नावाने ओळखली जातात: प्रवाह मंदावणं, शिरेच्या भिंतीला इजा होणं आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणं. बाळंतपणात ही तिन्ही एकत्र येतात. प्रसूतीतला रक्तस्राव आवरता यावा म्हणून गरोदरपणातच रक्त अधिक सहज गोठू लागतं. गर्भाला रक्त पुरवताना गर्भाशयाच्या आणि अंडाशयाच्या शिरा रुंद झालेल्या असतात, आणि बाळ जन्मल्यावर त्या रुंद शिरांत रक्त रेंगाळतं. भिंतीला इजा करण्याचं काम शस्त्रक्रिया किंवा शेजारचा जंतुसंसर्ग करतो. या आजाराच्या एका प्रकारात गुठळी अंडाशयाच्या शिरेत होते, बहुतेकदा उजव्या बाजूच्या, कारण ती शीर लांब असते आणि भरलेलं गर्भाशय उजवीकडे कललेलं असल्याने तिच्यावर दाबही येतो. अशा बाईला उजव्या कुशीत, ओटीपोटात दुखतं आणि अपेंडिक्सची शंका येते. दुसऱ्या प्रकारात गुठळ्या ओटीपोटाच्या खोल, बारीक शिरांमध्ये असतात. तिथे दुखणं जवळजवळ नसतंच. ताप एवढी एकच खूण असते, आणि सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्येही या बारीक गुठळ्या दिसतीलच असं नाही. जंतूंनी भरलेल्या गुठळीचे तुकडे सुटून फुफ्फुसात गेले, किंवा गुठळी वाढत हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेत शिरली, तर जिवावर बेतू शकतं.

इतक्या विरळ आजाराचा विचार प्रत्येक तापात कशाला, असा आक्षेप साहजिक आहे. अमेरिकेतल्या डॅलस शहरात सुमारे 45,000 बाळंतपणांची पाहणी झाली, ती 1999 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात सरासरी 3,000 बाळंतपणांमागे एका बाईला हा आजार आढळला. पण ही सरासरी फसवी आहे. नैसर्गिक प्रसूतीनंतर प्रमाण 9,000 मध्ये एक होतं, सिझेरियननंतर 800 मध्ये एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 2015-16 मध्ये भारतात 17.2 टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली होती. 2019-21 मध्ये ते प्रमाण 21.5 टक्के झालं, आणि खासगी रुग्णालयांत तर 47.4 टक्के. महाराष्ट्रात चारातलं एक मूल शस्त्रक्रियेने जन्मतं. डॅलसचं गुणोत्तर इथे जसंच्या तसं लावता येणार नाही. तरीही वर्षाला दोन कोटींहून अधिक बाळंतपणं होणाऱ्या देशात हजारो बायकांमागे एक म्हणजे दरवर्षी काही हजार बायका होतात. शिवाय प्रत्येक तापात हा विचार करा, असं कुणीच म्हणत नाही. नेहमीच्या उपचारांना दाद न देणाऱ्या तापात तो करा, एवढीच मागणी आहे, आणि अशा मोजक्या रुग्णांमध्ये हा आजार मुळीच विरळ राहत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अनेक वर्षं असं शिकवलं गेलं की अँटिबायोटिकच्या जोडीला हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारं औषध दिलं की दोन-तीन दिवसांत ताप उतरतो, आणि उतरला म्हणजे निदान खरं. डॅलसच्या याच संशोधकांनी चौदा बायकांवर ते पडताळून पाहिलं. हेपॅरिन मिळालेल्या आणि न मिळालेल्या, दोन्ही गटांतल्या बायकांचा ताप जवळपास सारखाच, साडेपाच ते सहा दिवस टिकला. मग निदान करून मिळवायचं काय? चौदा बायकांचा अभ्यास लहान आहे हे खरंच, पण फक्त तेवढ्यावर मी तो बाजूला सारणार नाही. हेपॅरिनने ताप लवकर उतरतो हा दावा त्याने कमकुवत केला, हे मान्य करायला हवं. मात्र हेपॅरिन असलेली गुठळी विरघळवत नाही, ती वाढू नये म्हणून दिलं जातं, आणि गुठळी मोठ्या शिरेपर्यंत किंवा फुफ्फुसापर्यंत पोचलेली असेल तर त्याची गरज वेगळ्या कारणाने उभी राहते. निदानाचा उपयोग औषधापुरता नसतो. गुठळी दिसली की अपेंडिक्ससाठी किंवा नसलेल्या पूसाठी पोट पुन्हा उघडणं टळतं, अँटिबायोटिकची निष्फळ अदलाबदल थांबते, आणि छातीत दुखणं किंवा धाप लागणं याकडे डॉक्टर जागरूकपणे पाहतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या आजारावर शिरा बांधून टाकण्याची शस्त्रक्रिया केली जात असे. आज बहुसंख्य बायका औषधांनी बऱ्या होतात, पण त्यासाठी आजार आधी कुणाच्या तरी मनात यावा लागतो.

तो मनात येण्यात आपल्याकडची मोठी अडचण म्हणजे तापाचा धागाच मध्ये तुटतो. घरी सोडल्यानंतर बाळंतीण माहेरी जाते, कधी दुसऱ्या जिल्ह्यात. तिथला डॉक्टर तिला पहिल्यांदा पाहतो आणि नव्याने पाच दिवसांच्या गोळ्या देतो. आधी कोणती इंजेक्शनं झाली, ताप किती दिवसांचा, हे त्याच्यापर्यंत पोचत नाही. घरात ‘दूध भरलंय म्हणून ताप’ किंवा ‘वारं लागलं’ अशी समजूत करून घेतली जाते आणि दुखणं अंगावर काढलं जातं. दूध भरल्याने ताप येतो हे खोटं नाही, पण तो पहिल्या काही दिवसांत येतो आणि साधारण एका दिवसात ओसरतो. आठवडाभर पुन्हापुन्हा चढणारा ताप दुधाचा नसतो. सव्वा महिना बाळंतिणीला खाटेवरून उतरू न देण्याची रीतही गुठळ्यांना अनुकूलच आहे. डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर तिने घरात हिंडावं-फिरावं.

या माहितीने बाळंतिणी उगाच घाबरतील, असं काहींना वाटेल. भीती वाटेल ती कारण कळत नसलेल्या तापाची, आणि ती आजही वाटतेच. स्कॅन आणि औषधांमुळे बाळाचं दूध तोडावं लागेल ही शंकाही निराधार आहे. हेपॅरिन दुधात उतरत नाही, आणि सीटीसाठी शिरेतून दिलेल्या रंगद्रव्याचा दुधात जाणारा अंश इतका नगण्य असतो की पाजणं थांबवायची गरज नसते. तेव्हा बाळंतिणीच्या घरच्यांनी थर्मामीटर आणून सकाळ-संध्याकाळचा ताप तारखेसह वहीत लिहावा, रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड माहेरी जाताना सोबत न्यावं, आशाताई घरी येतील तेव्हा बाळाबरोबर आईचा तापही त्यांना सांगावा. औषधं चालू असूनही ताप तीन दिवसांत हटला नाही, तर वही आणि कार्ड घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावं आणि न संकोचता विचारावं, ‘डॉक्टर, ओटीपोटातल्या शिरेत गुठळी तर नसेल ना?’ धाप लागली किंवा छातीत दुखू लागलं, तर तीन दिवस थांबू नये, त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात न्यावं.