गाठ निघेल, बोलणे राहील का?

मेंदूच्या डाव्या बाजूला गाठ निघाली आणि शस्त्रक्रिया ठरली, की नातेवाईकांचा पहिला प्रश्न जिवाचा असतो. दुसरा जरा आवाज खाली आणून विचारला जातो : 'डॉक्टर, नंतर बोलता येईल ना?' शिक्षक, वकील, कीर्तनकार, दुकानदार यांचे पोटच बोलण्यावर असते. ज्यांचे नसते त्यांनाही नातवाला नावाने हाक मारायची असते. प्रश्न साधा असला, तरी त्याचे उत्तर न्यूरोसर्जरीतल्या अवघड अंदाजांपैकी एक आहे.

१८६१ मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी एका रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला. हा माणूस कित्येक वर्षे 'तां' एवढेच बोलू शकत होता. त्याच्या मेंदूत डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा सापडली. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी आणखी मागची एक जागा दाखवली. तिथे इजा झालेला माणूस घडाघडा बोलतो, पण बोलण्याला अर्थ नसतो आणि समोरच्याचे बोलणेही त्याला नीट कळत नाही. तेव्हापासून पाठ्यपुस्तकांतल्या चित्रांत भाषेचे हे दोन ठिपके ठळकपणे काढले जातात. गाठ ठिपक्यापासून लांब असेल तर धोका नाही, जवळ असेल तर आहे, असा सोपा हिशेब त्यातून निघतो. शस्त्रक्रियेच्या टेबलावर मात्र तो चुकतो.

अमेरिकेतील न्यूरोसर्जन जॉर्ज ओजमन यांनी १९८९ मध्ये ११७ रुग्णांची निरीक्षणे मांडली. शस्त्रक्रियेच्या वेळी मेंदूला सौम्य विद्युतप्रवाह देऊन त्यांनी भाषेच्या जागा शोधल्या होत्या. त्या बहुधा एक-दोन चौरस सेंटिमीटरच्याच होत्या आणि माणसागणिक वेगळ्या निघाल्या. भाषा डाव्या बाजूलाच असते, हेही सर्वांना लागू नाही. उजव्या हाताने काम करणाऱ्या सुमारे ९६ टक्के लोकांत ती डावीकडे असते, डावखुऱ्यांत मात्र सुमारे ७० टक्क्यांतच. म्हणून 'तुम्ही जेवता कोणत्या हाताने?' असे न विचारता 'लिहिता, चेंडू फेकता, सुईत दोरा ओवता कोणत्या हाताने?' असे विचारावे लागते. आपल्याकडे जेवायला उजवा हात सक्तीचाच असतो.

मग अंदाज बांधायचा कशावरून? नुसत्या एमआरआयवरून नाही. गाठ किती वेगाने वाढते, याला मोठे महत्त्व आहे. हळू वाढणाऱ्या ग्लायोमात मेंदूला वर्षानुवर्षे सवड मिळते आणि भाषेचे काम थोडे थोडे आजूबाजूला सरकते. त्यामुळे भाषेच्या ऐन भागात लिंबाएवढी गाठ असूनही माणूस व्यवस्थित बोलताना दिसतो. ग्लायोब्लास्टोमा ही सवड देत नाही. दुसरी गोष्ट आत दडलेल्या तारांची. मेंदूच्या पृष्ठभागावरच्या जागा एकमेकींशी पांढऱ्या तंतूंच्या जुडग्यांनी जोडलेल्या असतात. पृष्ठभागाचे काम दुसरा भाग काही प्रमाणात उचलतो, पण ही मुख्य जुडगी तुटली तर भरपाई फार कठीण असते. एमआरआयच्या एका विशेष प्रकाराने ती आधी पाहता येतात. तरीही तो नकाशाच असतो, वाट चालून पाहिलेली नसते.

वाट चालून पाहायची ती रुग्ण जागा असताना. डोक्याची त्वचा बधिर केलेली असते आणि मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. रुग्णाला एकेक चित्र दाखवतात आणि त्याच वेळी मेंदूच्या एका ठिकाणी क्षणभर प्रवाह देतात. घड्याळ ओळखीचे आहे, ते कशासाठी असते हेही माहीत आहे, पण नाव येत नाही. अशी जागा टाळायची. नाव सहज आले, तर तिथून आत जाता येते. जास्त गाठ निघाली तर आयुष्य वाढण्याची शक्यता असते आणि भाषा वाचवायची तर काही भाग मागे ठेवावा लागतो. हा सौदा किती आणि कुठे करायचा, हे भूल देण्यापूर्वी रुग्णाशी बोलून ठरायला हवे.

सॅन फ्रान्सिस्कोतील तज्ज्ञांनी २००८ मध्ये अशा २५० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेनंतर आठवड्याने ५६ जणांचे बोलणे आधीपेक्षा बिघडलेले होते. सहा महिन्यांनी त्यांतले ५२ जण पूर्वपदावर आले होते. कायमचा दोष चौघांत राहिला. हे आकडे अशा शस्त्रक्रियांत मुरलेल्या केंद्रातले आहेत. ते उचलून कुठल्याही रुग्णालयातल्या रुग्णाला सांगणे योग्य नाही. पण पहिल्या आठवड्यातले बोलणे म्हणजे अखेरचा निकाल नव्हे, हे त्यातून स्पष्ट दिसते. कपाळामागच्या भागात, मध्यरेषेजवळ शस्त्रक्रिया झाली तर माणूस काही दिवस चक्क मुका होतो आणि बहुतेकदा काही आठवड्यांत पुन्हा बोलू लागतो. हे आधी सांगितलेले नसेल, तर अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या कुटुंबाचे काय होते, त्याची कल्पनाच केलेली बरी.

अंदाजाचा सर्वांत स्वस्त भाग म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वीची भाषेची सविस्तर तपासणी. घाईत नेमकी तीच राहून जाते. 'बोलणे ठीक' एवढीच नोंद केसपेपरवर होते. शब्द अडखळतात का, वाचलेले कळते का, गर्दीत संभाषण जमते का, हे वाचोपचारतज्ज्ञाने तासभर बसून पाहायला हवे. आधीच डगमगणारी भाषा नंतर अधिक कोसळते आणि आधी मोजलेच नसेल, तर नंतर किती गेले हे कळत नाही. सूज उतरवणारी स्टेरॉइड्स सुरू केल्यावर बोलणे सुधारले, तर तीही महत्त्वाची नोंद.

ही तपासणी रुग्णाच्या भाषेत हवी. इग्लू किंवा हार्प यांची परदेशी चित्रे लातूरच्या शेतकऱ्याला दाखवून 'नाव येत नाही' असे लिहिण्यात अर्थ नाही. इंग्रजी चाचणी तशीच उतरवूनही चालत नाही. 'हा', 'ही', 'हे' एवढे म्हणतानाच मराठी माणूस अर्धे उत्तर देऊन जातो. शिवाय घरी मराठी, बाजारात हिंदी आणि कचेरीत इंग्रजी बोलणाऱ्याची कोणती भाषा तपासायची? दोन भाषा बोलणाऱ्यांत काही जागांवर प्रवाह दिला की एकच भाषा अडते, हे ओजमन आणि व्हिटेकर यांनी १९७८ मध्येच दाखवले होते. म्हणून रुग्ण रोज वापरतो ती प्रत्येक भाषा तपासायला हवी.

तारीख ठरली की नातेवाईकांनी रुग्ण कोणकोणत्या भाषा बोलतो, काय वाचतो, काम काय करतो, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. जागेपणी शस्त्रक्रिया होणार असेल, तर चष्मा सोबत द्यावा. रुग्णाचे पाच-दहा मिनिटांचे नेहमीचे बोलणे मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवावे. शस्त्रक्रियेनंतर बोलणे अडले, तर वाचोपचार डिस्चार्जनंतर 'बघू' म्हणून पुढे ढकलू नयेत. प्रकृती स्थिर होताच वॉर्डातच सुरू करता येतात. तीन आणि सहा महिन्यांनी तीच चित्रे पुन्हा दाखवून आधीच्या नोंदीशी ताडून पाहावीत.