मेघसंगणन आणि ग्रंथालयांची संगणकसेवा : खानदेशच्या संदर्भात

ग्रंथसूची, देवघेवीची नोंद, सभासदांची यादी आणि वाचकांस करावयाचे शोधसाहाय्य यांचा समावेश ग्रंथालयाच्या संगणकसेवेत होतो. तीसाठी लागणारी आज्ञावली व माहिती ग्रंथालयाच्याच सर्व्हरवर ठेवण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ होती. ही दोन्ही दूरच्या सामायिक यंत्रसमूहावर ठेवून इंटरनेटद्वारे गरजेपुरती वापरण्याच्या व्यवस्थेस क्लाउड कॉम्प्युटिंग किंवा मेघसंगणन म्हणतात. तिच्यामागील कल्पना सर्वस्वी नवी नाही. अमेरिकेतील ओहायो राज्यात १९६७ मध्ये स्थापन झालेल्या ओसीएलसी या संस्थेने १९७१ पासून अनेक ग्रंथालयांची सामायिक सूची एका मध्यवर्ती संगणकावर चालविली. भारतात राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ ही प्रणाली चौथ्या आवृत्तीत क्लाउडवर आली.

खानदेशास या व्यवस्थेचा लाभ उघड आहे. जळगाव येथे १९९० मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाच्या कक्षेत जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे येतात. तेथील लहान महाविद्यालयात सर्व्हरची देखभाल, प्रतिरक्षण आणि नव्या आवृत्तीची स्थापना ही कामे सामान्यतः ग्रंथपालाच्याच माथी पडतात. मेघसंगणनाने तो भार हलका होतो. सुरक्षिततेचा प्रश्नही एकांगी नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर सायबर-हल्ला झाला, तेव्हा तिची मुख्य सूची जानेवारी २०२४ पर्यंत वाचकांस उपलब्ध नव्हती; मात्र क्लाउडवरील वेतन व हिशेब यांची कामे अबाधित राहिली. उलटपक्षी, इंटरनेटची जोडणी तुटली की मेघस्थ सूची वाचकास दुरावते, हेही तितकेच खरे.

तथापि यंत्र दूर गेले तरी नोंदीची जबाबदारी दूर जात नाही. किंबहुना ती वाढते. स्वतंत्र सूचीतील चूक एका ग्रंथालयापुरती राहते, सामायिक सूचीत ती सर्वांची होते. विद्यापीठास २०१८ मध्ये ज्यांचे नाव देण्यात आले, त्या कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचेच उदाहरण घ्यावे. सतराव्या शतकातील तुकारामशिष्या संत बहिणाबाई या त्यांच्याहून भिन्न. एका ग्रंथालयाने केवळ ‘बहिणाबाई’, दुसऱ्याने ‘चौधरी, बहिणाबाई’ व तिसऱ्याने रोमन लिपीत नाव नोंदविले, तर एकत्रित सूचीत दोन व्यक्ती एक होतील अथवा एकीच्या तीन होतील. यावर उपाय म्हणजे जन्म-मृत्यूच्या वर्षांसह एकच प्रमाणित नामरूप ठरविणे. ते काम यंत्राचे नव्हे, जाणत्या सूचीकाराचे आहे.

लेखनाची अडचण याहूनही सूक्ष्म आहे. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा रकार युनिकोडमध्ये दोन प्रकारे साधता येतो : ‘ऱ’ या वर्णास हलन्त जोडून, किंवा ‘र’, हलन्त व एक अदृश्य संयोगचिन्ह यांच्या साहाय्याने. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. यंत्रास ती भिन्न वाटतात. शोधप्रणालीने त्यांचे एकरूपीकरण केले नसेल, तर ग्रंथ फडताळात असूनही तो नाही, असे उत्तर वाचकास मिळेल. युनिकोडपूर्व फाँटांत टंकलिखित केलेल्या नोंदी तर रूपांतराविना स्थलांतरित केल्यास निरर्थक अक्षरांचा ढीग होऊन बसतात.

धुळे येथे या प्रश्नाचे गांभीर्य विशेष जाणवते. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये स्थापन झालेले राजवाडे संशोधन मंडळ आणि शंकर श्रीकृष्ण देव यांनी उभारलेले समर्थ वाग्देवता मंदिर ही हस्तलिखितांची आगरे होत. मुद्रित ग्रंथाची एखादी नोंद चुकली, तरी अन्य ग्रंथालयांतील प्रतींवरून ती सुधारता येते. एकमेव हस्तलिखिताची चुकीची नोंद ताडून पाहण्यास दुसरी प्रत नसते. चुकीच्या नावाखाली गेलेली पोथी अभ्यासकाच्या दृष्टीने हरवल्यासारखीच.

म्हणून क्लाउडसेवा स्वीकारताना केवळ खर्चाचा विचार पुरेसा नाही. सर्व नोंदी मार्क २१ या प्रमाणित स्वरूपात व युनिकोडमध्ये केव्हाही परत घेता येतील, अशी अट करारातच असावी. त्यांची एक प्रत नियमितपणे ग्रंथालयातही ठेवावी. आणि स्थलांतरापूर्वी नामरूपे व लेखन तपासून घ्यावे. सर्व्हर भाड्याने मिळतो. सूचीमागील ज्ञान मात्र ग्रंथालयास स्वतःच जोपासावे लागते.