राउटरचे बंद होणे आणि पुन्हा चालू होणे

मराठीतील ‘बंद करणे’ हे क्रियापद मोठे भाबडे आहे. दिवाही बंद होतो आणि दुकानही बंद होते. परंतु दिव्याला बटण पुरते, दुकानदारास मात्र आलेली गिऱ्हाइके मार्गी लावून, गल्ला मोजून, मगच कुलपास हात घालावा लागतो. संगणकांच्या जाळ्यात माहितीची पाकिटे योग्य दिशेस धाडणारे राउटर हे यंत्र दुसऱ्या जातीचे आहे. ते दिव्यासारखे मालवले असता काय हरवते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

प्रथम स्मृती. सिस्को कंपनीच्या राउटरांत यंत्रास दिलेल्या सूचनांच्या सामान्यतः दोन प्रती असतात. चालू प्रत वीज असेतोवरच टिकते. आरंभ-प्रत विजेवाचूनही टिकते आणि यंत्र उठताना तिचेच वाचन होते. चालकाने केलेले फेरफार पहिल्या प्रतीत तत्काळ अमलात येतात, दुसरीत आपोआप उतरत नाहीत. ते उतरवून घेतले नाहीत, तर नव्याने उठलेले यंत्र जुन्याच सूचनांप्रमाणे वागू लागते, आणि मौज अशी की त्यात बिघाड म्हणून काहीच सापडत नाही. ज्युनिपरच्या यंत्रांत फेरफार पक्का केल्यावाचून अमलातच येत नाही, व पक्का होताच तो टिकाऊ साठ्यात जातो. तथापि तेथेही वीज अकस्मात तोडल्यास फायली अर्धवट राहण्याचा धोका असतो. यास्तव आधी थांबण्याची आज्ञा द्यावयाची, यंत्र थांबल्याची खात्री करावयाची, आणि नंतर वीज काढावयाची.

परंतु खरा प्रश्न शेजाऱ्यांचा आहे. ओएसपीएफ या प्रोटोकॉलात शेजारी राउटर एकमेकांस सामान्यतः दर १० सेकंदांनी अभिवादन पाठवितात. ४० सेकंद ते न आल्यास शेजारी गेला असे मानतात. बीजीपीत ही मुदत अधिक लांब असून सिस्कोच्या यंत्रांत ती एरवी १८० सेकंद असते. दोन यंत्रे थेट तारेने जोडलेली असतील, तर तार मृत झाल्याचे लगेच उमगते. मध्ये स्विच असेल तर उमगत नाही, आणि तेवढा काळ पाकिटे निर्जीव पेटीकडे जात राहतात. यावर उपाय म्हणजे पूर्वसूचना. २०१३ च्या आरएफसी ६९८७ नुसार राउटर आपल्यावरून जाणाऱ्या मार्गांची किंमत कमाल जाहीर करतो. जणू ‘मी आहे, पण माझ्यावरून जाऊ नका’. २०१८ च्या आरएफसी ८३२६ ने बीजीपीसाठी अशीच सोय केली. ६५५३५:० ही खूण लावलेल्या मार्गास शेजारी अगदी खालचा अग्रक्रम देतात. पर्यायी मार्ग सापडेपर्यंत जुना मार्ग चालू राहतो. वाहतूक आटल्याचे पाहून मग संबंध तोडावा.

विजेविषयी थोडेच सांगावयाचे. मोठ्या राउटरास बहुधा दोन वा अधिक वीजपुरवठे असतात. एक काढल्याने यंत्र बंद होत नाही, आणि ते निर्विद्युत झाले असे समजून आत हात घालणे प्राणावर बेतू शकते. भूतार जोडताना पहिली, सोडताना शेवटची.

पुन्हा चालू करणे ही मात्र या क्रमाची केवळ उलटी उजळणी नव्हे. स्वपरीक्षण होते, कार्यप्रणाली स्मृतीत येते, आरंभ-प्रत वाचली जाते, दिवा हिरवा होतो. तरीही यंत्र कामास सिद्ध झालेले नसते. ओएसपीएफचे शेजारी लवकर जमतात, बीजीपीचे लाखो मार्ग येण्यास मात्र कित्येक मिनिटे लागू शकतात. या मधल्या काळात अंतर्गत जाळे त्याच्याकडे वाहतूक सोपवू लागते आणि बाहेरचे मार्ग ठाऊक नसलेले ते यंत्र पाकिटे टाकून देते. म्हणून बीजीपीचे मार्ग येऊन पोचेतोवर ती कमाल किंमत तशीच जाहीर ठेवावी लागते. बंद करण्यापूर्वी शेजाऱ्यांची व मार्गांची संख्या टिपून ठेवली असल्यास ती आता ताडून पाहता येते. शेजारी सगळे परतले आणि मार्गांची संख्या पूर्वीच्या जवळपास आली, की किंमत पूर्ववत करावी.