क्रोन्स: शांत झाला म्हणजे गेला नव्हे

कतारमधल्या दुखान या तेलाच्या गावी नोकरीला असलेला मुलगा फोनवर म्हणाला, "पोट बरं आहे, गोळ्या बंद केल्या," तर त्याला आधी डॉक्टरकडे पाठवा.

क्रोन्स ही आतड्याची सूज. न्यूयॉर्कचे डॉ. क्रोन आणि सहकाऱ्यांनी १९३२ साली तिचं वर्णन केलं. ती लाटेसारखी येते: काही महिने जुलाब, पोटदुखी, वजन घटणं; मग शांतता. पण वरून शांत असताना आत सूज राहू शकते. वर्षं गेली की काहींचं आतडं अरुंद होतं, काहींना भगंदर होतो. सिगारेटने आजार बळावतो. अरबीत दुखान म्हणजे धूरच!

आतड्याचा टीबीही असाच दिसतो, म्हणून तपासणी नीट व्हावी. किप्पूरचा उपासही डॉक्टरांना विचारूनच धरावा. जीव राखणं हाही धर्मच.